खिळ्यावरची चिठ्ठी

मेस्त्रींच्या शेडमध्ये चूक करणाऱ्याला ओरडा बसत नसे. मेस्त्री मवाळ होते म्हणून नव्हे. भुवया एकत्र आल्या की त्यांचा चेहरा चांगलाच कडक दिसे. पण दाराशेजारी खिळे ठोकलेली एक लाकडी फळी होती, आणि ती असल्यावर ओरडायची गरजच पडत नसे.

शेड होतं शहराच्या पाणीखात्याचं. घराघरांतून उतरवलेली, बंद पडलेली पितळी मीटरं पोत्यांत भरून तिथे येत. अंगानं भक्कम म्हणून ज्याला सगळे पैलवान म्हणत, तो पोती उतरवायचा. तिथून मीटरं जोडीकडे जात. जोडी म्हणजे दोघे सख्खे भाऊ. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून ते मीटर खोलत, आतला गाळ खरवडत, झिजलेली दातेरी चाकं बदलत. दिवसाकाठी एकमेकांशी चार शब्द बोलत नसत, पण एकानं हात पुढे केला की दुसरा त्यात नेमकं हवं ते हत्यार ठेवी. मग मावशी. मावशी गेली बावीस वर्षं आकड्यांच्या तबकड्या बसवत होत्या. तबकडी बोटाच्या टोकानं किंचित फिरवायच्या, कानाशी धरायच्या आणि म्हणायच्या, "बसली." मावशी बसली म्हणाल्या की ती बसलेलीच असे. पुढे रेडिओ ते मीटर टाकीच्या नळाला जोडून शंभर लिटर पाणी सोडायचा आणि काटा किती फिरला ते पाहायचा. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू, म्हणून त्याचं नाव रेडिओ. सगळं जमलं की मेस्त्री स्वतः तार ओवून शिशाचं सील पकडीनं दाबत. ते सील म्हणजे त्यांचा शब्द होता.

फळीचा कायदा असा. कुणाकडून काही चुकलं, चाक उलटं बसलं, काचेखाली केस राहिला, तर त्यानं पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर आपल्या हातानं ते लिहायचं आणि दोरा घालून चिठ्ठी खिळ्याला अडकवायची. लिहिलेल्या चुकीबद्दल कुणी कुणाला एक शब्द बोलायचा नाही. आणि चूक दुरुस्त झाल्याशिवाय चिठ्ठी काढायची नाही. एकवीस वर्षांपूर्वी पहिली चिठ्ठी मेस्त्रींनीच लावली होती: "घाईत सील दाबलं. तार सुटते." हेडमेस्त्रीच असं लिहितो म्हटल्यावर बाकीच्यांना लाजायचं कारण उरलं नाही. हळूहळू तिथल्या माणसांना खरं लिहायची इतकी सवय झाली, की खोटं लिहायचं म्हटलं असतं तर त्यांना ते शिकावं लागलं असतं.

खात्याला नवे साहेब आले ते चाळिशीच्या आतले, चटपटीत आणि मनानं सरळ. त्यांच्या टेबलामागच्या फडताळात सगळी बारकी बारकी पुस्तकं होती. माणसं कशी सांभाळावीत, बदलाला हसत सामोरं कसं जावं, सकाळी उठल्याबरोबर मनाला काय सांगावं. एकही पुस्तक बोटभर जाडीचं नव्हतं. साहेबांनी ती मनापासून वाचली होती. जागोजागी रंगीत कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या.

त्यांनी मेस्त्रींना बोलावून खुर्चीवर बसवलं. चहा मागवला. तेव्हाच मेस्त्री सावध झाले, कारण या खोलीत त्यांना आजवर कुणी चहा विचारला नव्हता.

"मेस्त्री, स्पष्टच सांगतो. पितळी मीटरं जाणार. नवी येतील ती पडद्यावर आकडे दाखवणारी. ती बिघडली की दुरुस्त नाही करायची, बदलायची."

"म्हणजे आमचं शेड बंद."

"नवा हॉल होतोय. तिथे सहा माणसं लागतील. सगळ्या खात्यातून सहा. निवड वय बघून नाही, नोकरी बघून नाही. बदलाकडे माणूस कसा बघतो ते बघून होणार." साहेबांनी फडताळातून एक पुस्तक काढून पुढे सरकवलं. "हे प्रत्येक विभागात वाचायचंय. रोज सकाळी दहा मिनिटं, मोठ्यानं. शेवटी एक कोरं पान आहे, त्याच्या प्रती सोबत देतो, प्रत्येकानं एकेक भरायची."

मुखपृष्ठावर एक हसरा नावाडी होता आणि त्याच्या मागे पूल. ऐंशी पानं, मोठी अक्षरं, पानाआड चित्र.

मेस्त्री परत येताना वाटभर एकच हिशेब करत होते. सहा जागा, आणि आपणही सहा. असा आकडा जुळून येतो तो उगीच नाही, असं त्यांना वाटलं. माणूस अडचणीत सापडला की अशा गोष्टींवर विश्वास ठेवतो. मेस्त्रींनी ठरवलं, हे पुस्तक इतकं नीट वाचून घ्यायचं, की सहाच्या सहा जणांना त्या हॉलमध्ये नेता आलं पाहिजे.

दुसऱ्या दिवसापासून वाचन सुरू झालं. मेस्त्री स्टुलावर बसत, चष्मा पुसत आणि शाळेतल्या मुलासारखे बोट ठेवून वाचत. गोष्ट साधी होती. एका नदीवर एक नावाडी असतो. नदीवर पूल बांधायला घेतात. नावाडी आधी रागावतो, मग रडतो, मग एका म्हाताऱ्या प्रवाशाच्या बोलण्यानं त्याचे डोळे उघडतात. मग तो पुलाच्या टोकाशी प्रवाशांना वाट दाखवायचं काम करू लागतो आणि पहिल्यापेक्षा सुखी होतो.

"वाट काय दाखवायची?" रेडिओ म्हणाला. "पूल सरळच असतो की! या टोकाला चढलं की त्या टोकाला उतरलं. आंधळासुद्धा जाईल."

"अरे, गोष्ट आहे ती," मेस्त्री म्हणाले.

"गोष्टच म्हणतोय मी. नाव विकून टोलवर लागला असेल लेकाचा, आणि घरी सांगतो, वाट दाखवतो म्हणून."

पैलवान पोट धरून हसला. जोडीतला थोरलासुद्धा हसला, आणि तो हसला म्हणून धाकटाही. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्या तबकडीवर कापड फिरवत बसल्या होत्या.

"मेस्त्री, त्या दिवशी वाचलंत बघा, नावेत एक पाणी उपसणारा होता. डबा घेऊन मागे बसायचा. त्याचं पुढे काय झालं?"

मेस्त्रींनी पानं मागे उलटली. अकराव्या पानावर तो होता. एकच ओळ: नावेच्या तळाशी एक गडी गळणारं पाणी डब्यानं उपसत असे. त्यांनी पुढची पानं भराभर चाळली. चित्रंही बघितली. पुलाच्या चित्रात माणसं होती, फुगे होते, एक कुत्रंही होतं. तो गडी कुठे नव्हता.

"पुढे येत नाही तो," मेस्त्री म्हणाले.

"पुढे येत नाही म्हणजे? गेला कुठे?"

"लिहायचं राहिलं असेल, मावशी."

"बरं," मावशी म्हणाल्या, आणि तबकडी कानाशी धरली.

त्या प्रश्नानं मेस्त्रींना घरी गेल्यावरही जरा टोचलं. पण त्यांनी तो बाजूला सारला. नापास झालेल्या पोराचा बाप गाइडला धरून बसतो, तसे ते त्या पुस्तकाला धरून होते. त्यात काही वेडंवाकडं आहे असं मानून चालणारच नव्हतं.

तीन आठवड्यांनी शेवटचं पान आलं. मेस्त्रींनी ते सावकाश वाचलं: "आता तुमची पाळी. तुमच्या मनात कसली भीती आहे? मोकळेपणानं लिहा. लिहून काढलेली भीती अर्धी होते." खाली बारा रेघा.

"हे कुणाकडे जाणार?" रेडिओनं विचारलं.

"साहेबांकडे."

"मग काय लिहायचं?"

इथे मेस्त्री क्षणभर थांबले. पुढे तो क्षण त्यांनी हजारदा आठवला. त्या क्षणी त्यांना दोन वाक्यं सुचली होती. एक म्हणजे, "जपून लिहा." ते त्यांच्या ओठापर्यंत आलं होतं. पण एकवीस वर्षं ज्या फळीसमोर ते उभे राहिले होते, ती समोरच होती, आणि तिच्याकडे बघत "जपून लिहा" म्हणणं त्यांच्या जिभेला जमेना.

"फळीवर लिहितो तसं," ते म्हणाले. "खरं असेल ते."

सगळे आपापल्या जागी वाकून लिहू लागले. पैलवानानं पेन मुठीत धरलं होतं. जोडीनं एकच उत्तर दोघांत मिळून लिहिलं, थोरल्यानं सांगितलं आणि धाकट्यानं लिहिलं. रेडिओ कधी नव्हे तो पाव तास गप्प बसला.

पानं घेऊन मेस्त्री घरी गेले, पाकिटात नीट घालायची म्हणून. चहा घेताना त्यांनी ती वाचली. वाचू नयेत असं त्यांना वाटत होतं, पण चिठ्ठी आली की वाचायची ही त्यांची सवय होती.

मावशींनी लिहिलं होतं: "दुपारनंतर मला आकडे दोन दोन दिसतात. बोटांना कळतं म्हणून तबकड्या बसवते. नव्या मीटरला तबकडी नाही. पडद्यावरचं मला वाचता येणार नाही, ही भीती."

पैलवानाचं अक्षर मोठं, रेघा सोडून गेलेलं: "मला वाचता येत नाही नीट. मेस्त्रींनी पुस्तक वाचलं म्हणून कळलं. तिकडे कोण वाचून दाखवणार?"

जोडीचं: "आम्हाला वेगळं करू नका. दुसऱ्याबरोबर काम आम्ही केलेलं नाही. येणार नाही."

आणि रेडिओचं. मेस्त्रींनी ते दोनदा वाचलं. "माझा डावा कान सात वर्षं बंद आहे. आता उजवाही कमी झालाय. कुणी काही विचारलं आणि ऐकू आलं नाही तर फजिती, म्हणून मीच आधी बोलत राहतो. नव्या जागी नवीन माणसं. कळेल त्यांना."

मेस्त्रींचा चहा निवला. सात वर्षं ते या माणसाला म्हणत आले होते, अरे, जरा ऐकून घे दुसऱ्याचं.

बायकोनं त्यांच्याकडे बघितलं. "काय झालं? कुणी वाईट लिहिलंय का तुमच्याबद्दल?"

"नाही गं. खरं लिहिलंय सगळ्यांनी." त्यांनी पानं तिच्यापुढे धरली. आवाजात थोडा अभिमानही होता.

तिनं एक वाचलं, दुसरं वाचलं, आणि पानं टेबलावर उलटी ठेवली.

"अहो, हे साहेबांना देणार तुम्ही?"

"त्यांनीच मागितलंय."

"त्यांनी मागितलं म्हणून काय झालं? मला नव्या हॉलसाठी माणसं निवडायची असती, तर यातलं एक तरी निवडलं असतं का मी?"

"पुस्तकात लिहिलंय तसं..."

"पुस्तक चुलीत घाला. डोळे गेलेत, कान गेलेत, वाचता येत नाही, हे आपल्या हातानं लिहून दिलंय त्यांनी. आणि तुम्ही ते पाकिटात घालून नेणार?"

मेस्त्री चिडले. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. ती बरोबर असली की ते चिडत, हे दोघांनाही ठाऊक होतं. "माझी माणसं खोटं लिहिणार नाहीत," ते म्हणाले. "आणि साहेब तसे नाहीत. भला माणूस आहे तो."

"भला असेल," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

विभागप्रमुखाचा कागद वेगळा होता. त्यात भीतीबद्दल विचारलं नव्हतं. विभागानं पुस्तकाचा लाभ कसा घेतला, ते लिहायचं होतं. मेस्त्रींनी पान भरून सुवाच्य अक्षरात लिहिलं. रोजचं वाचन, चर्चा, प्रत्येकाचा सहभाग. पाणी उपसणाऱ्या गड्याबद्दलचा मावशींचा प्रश्न मात्र त्यांनी लिहिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाकीट साहेबांच्या हातात दिलं.

बारा दिवसांनी यादी लागली. सहा नावं होती. तीन भांडारातली, दोन गाड्यांच्या विभागातली, आणि सहावं मेस्त्रींचं.

भांडारातल्या मुख्य कारकुनाला मेस्त्रींनी जिन्यातच गाठलं. "तुम्ही काय लिहिलंत हो त्या पानावर?"

"आम्ही?" कारकून हसला. "एकानं लिहिलं, बाकीच्यांनी उतरवलं. 'मला कसलीही भीती वाटत नाही, मी बदलाचं मनापासून स्वागत करतो.' पुस्तक कुणी उघडलं नाही. तुम्ही खरंच वाचलंत की काय?"

मेस्त्री साहेबांच्या खोलीत गेले ते दार न वाजवता. आयुष्यात पहिल्यांदा.

"साहेब, ती पानं परत द्या."

साहेब उठून उभे राहिले. त्यांचाही चेहरा पडलेला होता. "बसा, मेस्त्री. मी तुम्हाला बोलावणारच होतो."

"पानं द्या. आम्ही दुसरी भरून देतो. आम्हाला चुकीचं कळलं. भांडारात जे लिहिलंय तेच आम्ही लिहून देतो."

"ती वर गेली. निवड समितीनं वाचली. सगळी नोंद झाली." साहेब टेबलाला वळसा घालून जवळ आले. "खोटं नाही सांगत, मेस्त्री. इतक्या विभागांची पानं मी वाचली. तुमच्या माणसांची वाचताना मला गलबलून आलं. एवढं खरं कुणीच लिहिलं नव्हतं. वर पाठवताना मी तसा शेराही मारला."

"काय शेरा मारलात?"

"'अत्यंत प्रामाणिक उत्तरं.'"

या माणसानं फसवलं नव्हतं, हीच पंचाईत होती. फसवलं असतं तर भांडता आलं असतं.

"साहेब, माझं नाव काढा. माझ्या जागी मावशींना घ्या."

"तसं होत नाही. तुम्ही गेलात तर ती जागा भांडाराला जाईल. पुढचा नंबर त्यांचाच आहे." साहेबांनी आवाज खाली आणला. "तुम्ही नकार देऊन तुमच्या माणसांना काही मिळणार नाही. घरचा विचार करा."

बाकीच्या पाचांची व्यवस्था त्याच कागदावर खाली लिहिली होती. मावशींना स्वेच्छेनं निवृत्ती. पैलवानाला कमी करायचं. जोडीतला थोरला शहराच्या एका टोकाच्या पंपघरात, धाकटा दुसऱ्या टोकाच्या. रेडिओ रात्रपाळीचा राखणदार, टाकीवर एकटा. तिथे त्याला कुणी काही विचारणार नव्हतं, आणि बोलायलाही कुणी नव्हतं.

मेस्त्री शेडमध्ये आले तेव्हा सगळ्यांना कळलेलं होतं. सगळे काम करत होते. मेस्त्री आपल्या टेबलाशी गेले, पुठ्ठ्याची एक चिठ्ठी कापली आणि पेन उघडलं. मग लिहिलं: "खरं लिहायला सांगितलं. पाच माणसांचं काम गेलं. चूक माझी." दोरा ओवला आणि चिठ्ठी मधल्या खिळ्याला अडकवली.

आता कुणीतरी बोलेल, याची ते वाट बघत होते. खरं तर कुणीतरी बोलावं म्हणूनच त्यांनी ती लावली होती. पैलवानानं शिवी हासडावी. रेडिओनं टोमणा मारावा. जोडीनं तरी पाठ फिरवावी.

एकेक जण येऊन वाचून गेला. पैलवानाला वेळ लागला. तो ओठ हलवत अक्षर अक्षर लावत होता. जोडी एकदमच आली आणि एकदमच गेली. रेडिओ वाचून वळला, त्यानं तोंड उघडलं, आणि मिटलं. त्यानं नळ सोडला. टाकीत पाणी पडायचा आवाज तेवढा शेडभर राहिला.

लिहिलेल्या चुकीबद्दल कुणी एक शब्द बोलायचा नाही, हा कायदा मेस्त्रींनीच केला होता. त्यांच्या माणसांनी तो पाळला. महिनाभर पाळला. रोज नमस्कार केला, हत्यारं मागितली, चहाच्या वेळी त्यांचा पेला भरून ठेवला, आणि त्या गोष्टीबद्दल एका अक्षरानंही बोलले नाहीत. मेस्त्री घरी जाऊन जेवणाचं ताट पुढे घेऊन बसत आणि बायको समजून जाई. तीही काही बोलत नसे. बरोबर ठरल्याचा तिला काडीचाही आनंद झाला नव्हता.

त्या महिन्यात आलेली शेवटची पोती संपली. फळीवरच्या चिठ्ठ्या एकेक करून उतरल्या. उलटं चाक सुलटं झालं, केस निघाला, गळणारा नळ बंद झाला. मधल्या खिळ्यावरची एक राहिली.

शेवटच्या दिवशी मेस्त्रींनी सगळ्यांच्या हातात हात दिला. पैलवानानं त्यांचा हात इतका दाबला की बोटं दुखली, आणि रिकामी पोती खांद्यावर टाकून तो गेला. जोडी दारापर्यंत बरोबर चालली, मग फाटकापाशी थोरला एकीकडे वळला आणि धाकटा तिथेच उभा राहिला, आता कुठे जायचं असतं ते कळत नसल्यासारखा. रेडिओ जाताना म्हणाला, "मेस्त्री, डावीकडून हाक मारू नका कधी. ऐकू नाही येणार." आणि हसला.

मावशी सगळ्यात मागे राहिल्या. त्यांनी आपलं टेबल पुसलं, खुर्ची आत सरकवली, डबा पिशवीत घातला. मग फळीपाशी आल्या. दुपार टळली होती, म्हणून त्यांनी चिठ्ठी हातात धरून अगदी डोळ्यांशी नेली आणि सावकाश वाचली. महिनाभरात त्या तिच्याजवळ आल्या नव्हत्या, हे मेस्त्रींच्या तेव्हा लक्षात आलं.

मेस्त्रींना राहवेना. "मावशी," ते म्हणाले, "आज शेवटचा दिवस. काढून टाका ती आता. तुमच्या हातानं काढा."

मावशींनी वळून त्यांच्याकडे बघितलं. नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"दुरुस्त झाली का, मेस्त्री?"

मेस्त्रींनी मान हलवली. "नाही."

"मग कशी काढायची?"

दोरा पिळला गेला होता. मावशींनी बोटाच्या टोकानं चिठ्ठी किंचित फिरवली, पीळ सोडवला, अक्षरं समोर येतील अशी ती सरळ केली, आणि पिशवी उचलून निघाल्या.